महापौरांच्या सहीची नोट

दिसायला ती अगदीच सामान्य. कागद हलका, आणि घाईच्या दिवसांतल्या तिच्या कित्येक बहिणींप्रमाणे मागची बाजू कोरी. पुढच्या बाजूला आकडा, मग तोच आकडा अक्षरी, दोन-तीन ओळी बारीक मजकूर आणि शहराची ढाल. ढालीच्या वरच्या पट्टीत तीन मुकुट, खाली अकरा ज्वाळा. मुकुट येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे. त्यांच्या अस्थी इथल्या कॅथीड्रलमध्ये आहेत अशी श्रद्धा. ज्वाळा संत उर्सुला आणि तिच्याबरोबर मारल्या गेलेल्या कुमारिकांच्या. म्हणजे राजे झाले, हुतात्मे झाले, शून्यांची रांग झाली, आणि या सगळ्यांच्या खाली महापौर कोनराड आडेनाउअर यांची सही.

साधा व्यवहार करताना इतक्या थोरामोठ्यांना साक्षीला आणणाऱ्या माणसाकडे आपण जरा संशयानेच बघतो. तिच्याकडेही तसंच बघायला हवं. पण लगेच नको. आधी तिची गाठ पडू द्या.

ती कोलोनची. आपल्याकडे ताप आला की कपाळावर यूडीकोलोनच्या पट्ट्या ठेवत, त्यातलं कोलोन म्हणजे र्‍हाइनकाठचं हेच शहर. तिचं जन्मसाल १९२३. तारीख अंगावर छापलेली असते, पण ती धरून बसण्यात अर्थ नाही. त्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत ती पुनःपुन्हा जन्मली, दर खेपेला आणखी काही शून्यं घेऊन. सुरुवातीला लाखांत बोलायची, शेवटी शेवटी हजारो कोटींच्या खाली उतरायला तयार नसायची. मी त्या सगळ्या जणींना मिळून ‘ती’ म्हणतोय, कारण स्वभाव एकच.

मुळात ती देशाची नोट नव्हेच. देशाच्या नोटा बर्लिनची राइशबँक काढी. ही शहराची. अशा पैशाला जर्मनीत ‘नोटगेल्ड’ म्हणत, अडीअडचणीचा पैसा. खरं तर ती एक पावती: शहराची तिजोरी या कागदाच्या बदल्यात इतके मार्क देईल, आणि ‘आता देणार नाही’ असं वर्तमानपत्रात जाहीर केलं की अमुक मुदतीनंतर देणार नाही. मरणाची अट जन्मतःच अंगावर वागवणारा पैसा. एवढा प्रामाणिकपणा देशाच्या नोटांनी कधी दाखवला नाही. अर्थात तिजोरी तरी बदल्यात काय देणार? राइशबँकेचे मार्क. कागद नेऊन द्यायचा आणि दुसरा कागद आणायचा.

घराणं फार जुनं नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, राइशबँकेने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि चांदीची नाणी बघता बघता लोकांच्या पेट्यांत गडप झाली. दुकानदार सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवतो ना, तशी गावोगावच्या पालिकांनी आणि कारखान्यांनी चिठ्ठ्या छापून वेळ भागवली. पुढे तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे वळलं. जस्ताची, लोखंडाची नाणी आली, तीही पुरेनात. चिठ्ठ्या राहिल्या त्या राहिल्याच. युद्ध संपल्यावर तर त्यांना चांगले दिवस आले. हामेल्न गावाने आपल्या नोटांवर बासरीवाला आणि उंदीर छापले, नाउमबुर्गने आपल्या चेरीच्या जत्रेची दंतकथा काळ्या छायाकृतींत मांडली. या नोटा बाजारात जातच नसत, थेट संग्राहकांच्या अल्बममध्ये जाऊन बसत. पालिकांना तेच हवं होतं. विकलेली नोट वटवायला कोणी परत आलंच नाही, तर तेवढी रक्कम फुकटात पदरात. अखेर १७ जुलै १९२२ चा कायदा करून सरकारने या उद्योगाला चाप लावला.

कायद्यालाही न जुमानणारे होतेच. बीलेफेल्ड हे लिननच्या कापडाचं गाव. तिथल्या नगर बचत बँकेने रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा छापल्या, काहींच्या कडेने लेसही लावली. हार्त्स डोंगराजवळच्या ओस्टरवीकने चामड्यावर छापल्या. या मंडळींबद्दल भरभरून लिहिलेलं पुष्कळ सापडतं. मला त्यांचं तितकंसं कौतुक नाही. लेस लावलेल्या नोटेने कोणाच्या घरात बटाटे आले? कोलोनची आपली नोट या नातेवाइकांच्या लग्नाला गेली असती, पण जेवून लगेच निघाली असती. तिला काम होतं.

तिचं जमलं असतं ते वायमारच्या भावंडांशी. थुरिंगिया राज्याच्या बँकेला ऑगस्ट १९२३ मध्ये तातडीने मोठ्या रकमांच्या नोटा हव्या होत्या. काम गेलं बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे. त्याने वेलबुट्टी, देवदूत, ढाली, दाढीवाले राजे, सगळ्यांना रजा दिली. नुसता जाड ठसठशीत आकडा, अक्षरी रक्कम आणि सपाट रंग. आजही त्या नोटा पाहिल्या तर कालपरवा केल्यासारख्या वाटतात. किती दिवसांचं आयुष्य आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने नटावं तरी कशाला, असं त्यांच्याकडे बघून वाटतं.

आता हिची गरज का पडली ते.

महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. जानेवारी १९२३ चा सरासरी भाव जवळपास १८,००० मार्क. त्याच महिन्याच्या ११ तारखेला फ्रेंच आणि बेल्जियन फौजा युद्धभरपाईच्या थकबाकीचं कारण दाखवून रूरच्या कोळशाच्या पट्ट्यात शिरल्या. जर्मन सरकारने असहकार पुकारला: खाणी बंद, रेल्वे बंद, आणि घरी बसलेल्या कामगारांचा पगार सरकारकडून. तिजोरीत पैसा नव्हताच. तेव्हा छापला. जुलैत डॉलर साडेतीन लाखांवर गेला, ऑगस्टमध्ये ४६ लाखांवर, सप्टेंबरमध्ये ९ कोटी ८८ लाखांवर, ऑक्टोबरमध्ये २,५०० कोटींच्या पुढे. हे महिन्यांचे सरासरी भाव. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसातलं अंतर याहून किती तरी मोठं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर आपल्या नोटेचा स्वभाव कळणार नाही. देश नोटांखाली बुडत होता आणि त्याच वेळी देशात नोटांचा दुष्काळ होता. ऐकायला विचित्र वाटतं. पण नोटा छापण्याचा वेग कितीही वाढवला तरी भाव त्याच्या पुढे पळत होते. या शुक्रवारच्या पगाराला जेवढी रक्कम लागे, तेवढी महिन्यापूर्वी अख्ख्या शहराच्या व्यवहाराला पुरली असती. बर्लिनहून रेल्वेने पेट्या निघत त्या वेळी त्यांतल्या पैशाने जे आलं असतं, त्याच्या अर्धंही पेट्या उघडेपर्यंत येत नसे. सरकारी छापखान्याला हे झेपेना, म्हणून १३३ खासगी छापखान्यांतली १,७८३ यंत्रं आणि तिसाहून जास्त कागद गिरण्या कामाला लावल्या. तरी भागेना. डिसेंबर १९२२ ची तारीख असलेल्या १,००० मार्कांच्या तयार नोटा बाहेर काढल्या आणि त्यांच्यावर लाल शाईत आडवं छापलं: १०० कोटी. खालचा जुना आकडा तसाच दिसत राहिला.

राइशबँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन हे सचोटीचे, कष्टाळू गृहस्थ. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितलं की, लवकरच आपली बँक चलनात असलेल्या एकूण पैशाच्या दोन-तृतीयांश इतका पैसा एका दिवसात छापू शकेल. ही तक्रार नव्हती, कामगिरीचा अहवाल होता. आग लागलेल्या घरात रॉकेलचा पुरवठा सुरळीत ठेवला याचं श्रेय मागणाऱ्या माणसाला काय म्हणावं? कामचुकार तर खासच म्हणता येणार नाही.

अशा वेळी सरकारने कायदा गुंडाळून ठेवला आणि शहरांना परवानग्या दिल्या. परवानगीची वाट न बघणारेही ढीगभर निघाले. साडेपाच हजारांहून जास्त ठिकाणांहून अशा नोटा निघाल्या. शहरं, जिल्हे, कारखाने आणि खुद्द सरकारी रेल्वे. पायलीला पन्नास. र्‍हाइनलँडमध्ये निकड जास्तच, कारण सगळा मुलूख परकी फौजांच्या ताब्यात. रूरमध्ये तर फ्रेंचांनी बँकांच्या शाखांतली रोकड जप्त करायला सुरुवात केली होती. कोलोनमध्ये ब्रिटिश होते, ते त्या मानाने सभ्य. तरी बर्लिनची पेटी वेळेवर येईल या भरवशावर दहा हजार माणसांचा पगार वाटता येत नव्हता. महापालिकेने छापायला घेतलं.

तर ही अशी आली. आणि आली ती धावतच.

तिच्या दिवसाची सुरुवात छापखान्याच्या दारात होई, आणि पगाराच्या टेबलावर ती ताजी ताजीच पोचे. पगार आठवड्याचा होता तो रोजचा झाला, काही ठिकाणी दिवसातून दोनदा. कारखान्याच्या फाटकाबाहेर बायका उभ्या असत. नवऱ्याच्या हातातून गठ्ठा घ्यायचा आणि सुटायचं, कारण दुकानदाराचे डोळे डॉलरच्या नव्या भावाकडे लागलेले. भाव लागला की पाट्या बदलणार. त्याआधी पोचलं तर पाव आणि मार्गारीन, नंतर पोचलं तर नुसता पाव. ती एका हातात दहा मिनिटं थांबली तरी पुष्कळ. खाटीक ती घेई आणि जनावर विकणाऱ्याच्या गळ्यात मारायला धावे. शेतकरी बहुधा घेतच नसे, तो म्हणे बूट आण, चादर आण, पियानो असला तर तोही चालेल. रात्री ती ज्याच्या घरी राही त्याचं नुकसान ठरलेलं. त्यामुळे तिला कोणी मुक्कामाला ठेवून घेत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसावं. तिला घाईची सवयच होती.

हातगाडीभर नोटांचे आणि नोटांच्या गठ्ठ्यांशी खेळणाऱ्या मुलांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. टोपलीभर पैसे ठेवून कोणी आत गेलं, परत येऊन बघतो तर चोराने नोटा जमिनीवर ओतून टोपली पळवलेली, हा किस्साही सगळ्यांनी ऐकलाय. तो इतक्या गावांच्या नावावर सांगितला जातो की खरा असला तर जर्मनीत त्या वर्षी टोपल्यांच्या चोऱ्यांची साथच आली असणार. मला त्यापेक्षा साधं त्रैराशिक जास्त बोलकं वाटतं. ऑगस्टमध्ये छापलेली १ कोटी मार्कांची नोट घ्या. त्या महिन्याच्या सरासरी भावाने तिचे दोन डॉलरहून थोडे जास्त येत. घरात आठवडाभराचा बाजार भरता यावा एवढी तिची पत. नोव्हेंबरच्या २० तारखेला डॉलरचा बर्लिनचा अधिकृत भाव ४ लाख २० हजार कोटी मार्क. म्हणजे एका डॉलरला तसल्या ४ लाख २० हजार नोटा. तिच्या अंगावरचं एक अक्षर बदललं नव्हतं. ढाल तीच, मुकुट तितकेच, सही तीच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण सोनूबाईकडे निदान कथलाचा का होईना, वाळा होता.

इथवर ती बिचारी वाटते. अडल्यानडल्याला धावून आलेली, राबलेली, आणि तरीही सगळ्यांच्या थट्टेचा विषय झालेली. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि एक सुस्कारा टाकतात. पण ती तेवढी गरीब गाय नव्हती.

हिशेब असा. शहराने सोमवारी नोटा छापल्या आणि त्यांतून पगार दिले, कंत्राटदारांची बिलं चुकती केली. त्या सोमवारी त्या नोटांनी खरा माल आला, खरं काम झालं. नोट वटवायला तिजोरीकडे परत यायला तीन आठवडे लागले. तोवर तिची किंमत शून्याच्या आसपास. म्हणजे शहराने कर्ज काढलं, व्याज दिलं नाही, आणि फेडायच्या दिवशी मुद्दलच विरघळलेलं. कर्ज कोणी दिलं? ज्यांच्या हातात ती वाटेत कुठेतरी अडकली त्यांनी. पेन्शनीवर जगणारी विधवा, फी महिन्याने मिळणारा डॉक्टर, जो धावू शकला नाही तो. आणि एकदा हे कळलं की छापण्याचा मोह सुटत नाही. ज्यांना खरोखर टंचाई होती त्यांनीही छापलं, आणि ज्यांना नव्हती त्यांनीही. अडचणीतून जन्मलेली नोट आता अडचण जन्माला घालत होती. बर्लिनच्या नोटांनी पेटवलेल्या महागाईत हिच्याही काड्या होत्या.

नोट छापण्याचा हक्क ज्याच्या हातात, त्याच्या हाताला बांध कोण घालणार, हा प्रश्न त्या वर्षी आणखी एका ठिकाणी मांडला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्येच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विषय हिंदुस्थानच्या रुपयाचा, पण त्यातला आग्रह हाच: चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर आणि शहाणपणावर सगळं सोडून चालत नाही, किती काढायचं याला कडक मर्यादा हवी. योगायोग असा की त्याच काळात त्यांनी अर्थशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. बॉन म्हणजे कोलोनहून र्‍हाइनच्या काठाने जेमतेम पंचवीस किलोमीटर. मार्क घसरू लागला होता तेव्हाच. मर्यादा नसलेल्या चलनाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसतं.

जर्मनीत बांध घातला गेला १५ नोव्हेंबर १९२३ ला. रेंटेनमार्क नावाचं नवं चलन आलं. एक रेंटेनमार्क म्हणजे १ लाख कोटी जुने मार्क. त्याच्यामागे देशातल्या जमिनी आणि उद्योग गहाण आहेत असं सांगितलं गेलं. त्या गहाणाला फारसा अर्थ नव्हता, शेताचा तुकडा घेऊन कोणी बँकेतून बाहेर पडणार नव्हतं. अर्थ होता तो मर्यादेला. सरकारला १२० कोटी रेंटेनमार्क उसने मिळतील, त्यावर दमडी नाही. चलनाचे आयुक्त म्हणून याल्मार शाख्त या बँकरना नेमलं. अर्थखात्यात त्यांना जी खोली मिळाली ती सफाईवाल्या बायकांच्या बादल्या-झाडू ठेवायची अंधारी खोली होती असं सांगतात. टेबल, टेलिफोन आणि सिगार एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. २० नोव्हेंबरला मार्क ४ लाख २० हजार कोटींवर रोखून धरला. हाफेनश्टाइन त्याच दिवशी वारले.

कोलोनमध्ये मात्र आपली नोट अजून जोरात होती. उलट तिला आता खरा बहर आला होता. ताब्यातल्या मुलखात रेंटेनमार्क पोचत नव्हता. एक तर परकी सत्तांची आडकाठी, आणि बर्लिनच्या मनातही धास्ती: नवं कोरं चलन र्‍हाइनलँडच्या बेकारांच्या भत्त्यात ओतलं तर ते तिथेच जिरून जाईल. नव्या चलनाचा जीव वाचवायला र्‍हाइनलँडला त्याच्या नशिबावर सोडावं, इथपर्यंत बोलणी गेली होती. ऑक्टोबरमध्ये आखेनला फुटीर मंडळींनी स्वतंत्र र्‍हाइन प्रजासत्ताक जाहीर करून पाहिलं होतं, म्हणजे हा नुसता रोकडीचा प्रश्न राहिला नव्हता. आडेनाउअर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे, मनस्वी आणि चिवट. ते बर्लिनला जाऊन कडाडले: एक काय, दोन काय, तीन नवी चलनं गेली तरी चालतील, र्‍हाइनलँडची किंमत त्याहून जास्त असली पाहिजे. माणूस खरं बोलत होता. त्यांच्या शहरात हजारो माणसं बेकार होती, हिवाळा तोंडावर होता, आणि त्यांना द्यायला महापौरांच्या हातात काय होतं? ही नोट.

मला या जागी आडेनाउअर यांची बाजू सोडवत नाही. तरीही शेवटी शाख्त यांचंच बरोबर होतं असं म्हणावं लागतं, कारण त्याच नोटांनी त्याच शहरात दुसरा धंदा मांडला होता. कोलोनचा डॉलरचा बाजार बर्लिनच्या हुकमाबाहेर. बर्लिनमध्ये डॉलर ४ लाख २० हजार कोटींवर बांधलेला, आणि कोलोनमध्ये तोच नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ११ लाख कोटींच्या वर. सटोडियांनी हिशेब मांडला होता: नवं चलनही जुन्याच्याच वाटेने जाणार. म्हणून डॉलर आता घ्यायचे, पैसे महिनाअखेर द्यायचे, आणि महिनाअखेरपर्यंत मार्क इतका पडलेला असेल की चिल्लर देऊन सुटका होईल. देणं भागवायला नोटगेल्ड होतंच. छापखाने चालू होते. राजांचे मुकुट आणि हुतात्म्यांच्या ज्वाळा मिरवणारी आपली नोट आता डॉलरच्या सट्ट्यात जुंपली गेली.

शाख्त यांनी एकच गोष्ट केली. २२ नोव्हेंबरपासून राइशबँकेच्या खिडकीवर नोटगेल्ड घेतलं जाणार नाही असं जाहीर केलं. आधीच जमलेले गठ्ठे ज्या त्या शहरापुढे ठेवले: आपल्या सहीचा कागद, आपण वटवा. तोवर कोणत्याही गावाने काहीही छापावं आणि बँकेने ते चलन समजून पोटात घ्यावं, असा शिरस्ता होता. तो एका दिवसात मोडला. र्‍हाइनलँडमध्ये आकांत झाला. २५ तारखेला शाख्त स्वतः कोलोनला आले. शहरांचे प्रतिनिधी आणि उद्योगपती यांनी त्यांना फैलावर घेतलं. हिवाळा, बेकारी, दंगे, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. ते हटले नाहीत.

मग सट्टेवाल्यांची महिनाअखेर आली. डॉलरचे पैसे द्यायचे होते आणि नोटगेल्ड कोणी घेईना. राइशबँक कर्ज देईना, रेंटेनमार्क मिळेना. तेव्हा जे डॉलर ११ लाख कोटींच्या भावाने घेतले होते तेच राइशबँकेला ४ लाख २० हजार कोटींनी विकून हिशेब चुकता करावा लागला. डिसेंबरचा पंधरवडा उलटायच्या आत कोलोनचा भाव बर्लिनच्या भावाशी येऊन टेकला.

तिच्याच घराण्यातली एक शहाणी मुलगी या गडबडीत झाकून गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने स्थिर किमतीच्या अडीअडचणीच्या नोटांना परवानगी दिली होती. त्यांच्यावर शून्यं नव्हती. ०.४२ गोल्डमार्क, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, असं साधं लिहिलेलं. कर्जरोख्यांचं तारण ठेवून काढलेल्या या नोटा घडी करून ठेवून दिल्या तरी सकाळी तितक्याच उरत. लोकांनी लगेच त्या दडवून ठेवल्या आणि वाईट नोटा बाजारात फिरवल्या. चांगल्या पैशाच्या नशिबी हेच असतं.

पुढचं थोडक्यात. शहरांनी आपापले कागद परत घेतले, ऑक्टोबर १९२४ मध्ये राइशमार्क आला आणि नोटगेल्डचा अंमल संपला. शाख्त राइशबँकेचे अध्यक्ष झाले, पुढे हिटलरचे अर्थव्यवहार मंत्री, आणि न्युरेंबर्गच्या खटल्यातून १९४६ मध्ये निर्दोष सुटले. आडेनाउअर यांना नाझींनी १९३३ मध्ये महापौरपदावरून काढलं. १९४९ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, तेव्हा देशात डॉइश मार्क येऊन वर्ष झालेलं होतं. या वेळी नोटांवर त्यांची सही लागत नव्हती.

आपली नोट जुन्या नोटांच्या बाजारात अजून मिळते, आणि फार महागही नाही. छापल्याच इतक्या होत्या. घ्यायचीच असेल तर मी कोरी करकरीत घेणार नाही. कोरी राहिलेली बहुधा गठ्ठ्यातून बाहेरच पडली नाही किंवा कोणा हौशी माणसाने तेव्हाच उचलून ठेवली. चार घड्या पडलेली, कोपरे मऊ झालेले, कुठे तेलाचा डाग असलेली घ्यावी. ती कारखान्याच्या फाटकातून खाटकाच्या गल्ल्यापर्यंत गेलेली असते. विक्रेते अशीला कमी भाव लावतात. त्यांच्या यादीत नोटेची अवस्था लिहिलेली असते, आणि सही आडेनाउअर यांची आहे हे आवर्जून लिहिलेलं असतं. रक्कमही लिहितात, पण ती एक नोट दुसरीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून.